हर्मेलिंदाच्या गाडीला रांग नसते

मेक्सिको शहरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी हर्मेलिंदाची टाकोची गाडी, बाजूला खिडकी कापलेली एक जुनी व्हॅन, वर्षानुवर्षं उभी राहते. तिथे रांग नावाची गोष्ट कधी कोणी पाहिली नव्हती.

रांग हवी कशाला? तुम्ही गाडीला भिडायचं, कोपराने जागा करायची आणि ओरडायचं, "तीन सुआदेरो, एक वजडी!" सुआदेरो म्हणजे चरबीत शिजवलेलं गाईचं मऊ मांस. हर्मेलिंदा तव्यावरून मान वर न करता म्हणते, "आलेच, गोऱ्या." तिच्या लेखी प्रत्येक गिऱ्हाईक गोऱ्या; मी त्या तव्याइतका काळा, तरी गोऱ्याच. कोण आधी आलं, कोणाला कांदा नको, कोणाला हिरवी चटणी जास्त हवी, सगळं तिच्या डोक्यात असतं.

फिदेन्सिओ काकांना तर बोलावंही लागत नसे. आयुष्यभर बूट शिवलेले, आता एकटे, तोंडात दात नाहीत. ते लांबून दिसले की हर्मेलिंदा वजडी अगदी बारीक चिरायची, मक्याची पोळी रश्श्यात बुडवून मऊ करायची, वर लिंबू पिळायची आणि खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात बशी ठेवायची. तो कोपरा काकांचा. दिवसातलं त्यांचं धड जेवण तेवढंच, आणि चार माणसं बोलायला मिळायची तीही तिथेच.

मग कोणा दीडशहाण्याने गाडीचा फोटो इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, 'स्वस्त आणि अस्सल'. अस्सल म्हणे! आम्ही त्याला जेवण म्हणत होतो. नव्या इमारतींत भाड्याने राहायला आलेले परदेशी लोक गाडीवर यायला लागले आणि येताना रांग घेऊन आले. एकामागे एक, पार माझ्या चाव्यांच्या दुकानापर्यंत. "किती स्वस्त!" म्हणून चित्कारायचे. ज्यांच्या पायी आमची घरभाडी आभाळाला भिडली, त्यांनी हे म्हणावं! माझं तर डोकंच फिरायचं.

एका दुपारी काका नेहमीसारखे आपल्या कोपऱ्याकडे निघाले. रांगेतल्या एका उंच तरुणाने त्यांच्या खांद्यावर टकटक केली आणि हसत, अगदी सभ्यपणे, बोटाने रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. मी दुकानातून ओरडलो, "अरे, त्यांना कुठे पाठवतोस? त्यांची बशी तयार आहे!" त्याला कळलं काय कोण जाणे, माझ्याकडे बघून त्याने मजेत हात हलवला. काकांनी टोपी काढून माफी मागितली. त्यांनी! मग ते मुकाट्याने टोकाला जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने पाहिलं तर निघून गेले होते. तव्याच्या चुरचुराटात हर्मेलिंदाला यातलं काही कळलं नाही.

त्यानंतर काका फिरकले नाहीत. हर्मेलिंदा रोज बशी भरायची, ती तशीच गार व्हायची. शेवटी तिने मला हाक मारली.

"गोऱ्या, काका आजारी आहेत का रे? की गेले?"

"गेले नाहीत, घालवले," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"माझ्या गाडीवरून? काकांना?" ती खिडकीतून अर्धी बाहेर आली. "ए, ऐका रे! इथे रांगबिंग नाही! पुढे या, गर्दी करा, भांडा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी तिचे फोटो काढले. रांग तसूभर हलली नाही.

तिने गॅस बंद केला, चरबीवर घट्ट झाकण ठेवलं आणि खिडकी खाडकन पाडली. "बस पुढे," मला म्हणाली आणि गाडी सुरू केली. मी आरशात पाहिलं. रांग रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून तशीच उभी होती.

काकांच्या दारासमोर तिने भोंगा वाजवला, तवा पेटवला, वजडी चिरायला घेतली. काका बाहेर आले. टोपी हातातच होती. गाडीजवळ दुसरं चिटपाखरू नव्हतं, तरी ते चार पावलं लांबच थांबले.

"काका, तिथे काय उभे राहिलात? या की!"

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग हळूच विचारलं, "माझा नंबर आला का, बाई?"

हर्मेलिंदाने सुरी फळीवर आपटली. त्या रांगेला तिने जी शिवी हासडली ती इथे लिहिता येणार नाही. आणि शिव्या देता देताच ती रडायला लागली.