केसरबाईचा टीव्ही

धारूरचे मन्मथप्पा म्हणजे माझे दाजी. किराणा दुकान चांगलं चालायचं, पण जीव सगळा जुन्या टीव्हींत. लोक रंगीत आणत होते आणि हा माणूस त्यांचे टाकून दिलेले डबे उचलून घरी आणत होता. अकरा झाले होते. "गव्हाची पोती ठिवायला जागा न्हाई, अन् ह्ये बघा," असं शांताक्का, माझी बहीण, ओरडायची.

दुष्काळाच्या साली दिवाळी होताच शेजारचे सुंदरराव आणि त्यांची बायको केसरबाई ऊसतोडीला निघाले. त्यांच्याकडे सरकत्या दारांचा लाकडी टीव्ही होता, केसरबाईच्या वडलांनी दिलेला. दाजींनी तीनदा मागितला होता, तिनं दिला नव्हता. आता घराला कुलूप लावायचं म्हणून तिनं तो दाजींकडेच आणून ठेवला.

"आप्पा, तुमच्यापरीस जपणारं कोन हाय? गुडीपाडव्याला नेते."

दाजींनी आठ दिवस कसाबसा दम धरला. मग त्यातली पिक्चर ट्यूब काढून स्वतःच्या तसल्याच बंद टीव्हीत बसवली आणि आपली मेलेली ट्यूब तिच्या डब्यात घातली. त्यांचा टीव्ही लागला. दाजी खूश.

पण तेव्हापासून केसरबाई अचानक परत येईल ही भीती त्यांच्या मागे लागली. त्या साली ऊसच कमी, त्यामुळे सहकारी कारखाना महिनाभर आधी बंद होणार असं ऐकू आलं. रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की टोळी परत आली असं वाटून ते तराजू टाकून दारात यायचे. "परत बसवा की," मी म्हणायचो. "बसवतो," म्हणायचे, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच टीव्हीसमोर. एकदा हळूच म्हणाले, "ते आलेच न्हाईत तर बरं व्हईल." मला संताप आला, पण मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर चौथ्या दिवशी बातमी आली की केसरबाईच्या टोळीची ट्रॉली घाटात उलटली. कोण गेलं, कोण वाचलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दाजी दुकान उघडं टाकून आत धावले. दोन्ही टीव्ही खोलले. घाईत ट्यूब त्यांच्या हातून निसटायला लागली तशी ती मी खालून धरली. ती फुटली तर काचा डोळ्यांत जातील म्हणून माझी पाचावर धारण बसली होती. त्यांना त्याचं भान नव्हतं. "म्याच म्हनलं व्हतं," एवढंच पुटपुटत त्यांनी तिची ट्यूब तिच्या टीव्हीत परत बसवली.

दोन दिवसांनी केसरबाई दारात आली. एकटीच.

"सुंदरराव कुठं हायेत?" अक्कानं विचारलं.

"दवाखान्यात. पाय मोडलाय, पन जीव वाचला. गावात पानी न्हाई, आता आमी तिकडं कारखान्याजवळच ऱ्हानार. टीव्ही तुमीच ठिवा, आप्पा."

"न्हाई! घिऊन जा," दाजी जवळजवळ किंचाळले. "केसरबाई, म्या..."

"आसू द्या. तुमी जपलाव, मला माहीत हाय," ती म्हणाली आणि गेली.

आता दाजींकडे बारा टीव्ही आहेत, पण विचारलं तर अकराच सांगतात. पाडव्याला ते बारावा पुसून दारात आणून ठेवतात आणि ट्रॅक्टर वाजला की अजूनही दचकतात.