घिवलीहून आलेले बोंबील

आमच्या घिवलीत माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, आणि पुढे आफ्रिकेतल्या तीन देशांत राजदूत झालो. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण पहिली नेमणूक आठवली की एक डबा आठवतो.

साठीच्या दशकातली गोष्ट. परराष्ट्र खात्यात मी नवखा, नेमणूक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. निरोपाला आलेला शेजारचा काका म्हणाला, "लंडन-बिंडन सोडून काल्यांच्या मुलकात धाडतात काय रं तुला?"

होडीवर रापलेले बाबा हसले. "आपण कवा गोरे होतो? समुद्र तोच हाय. पोरगा पल्याडच्या काठाला चाललाय."

दीड वर्षाने तार आली. बाबा गेले होते. त्याच आठवड्यात मी होतो त्या देशात लष्कराने सत्ता घेतली होती. विमानतळ बंद, रस्त्यावर रणगाडे. आमच्या राजदूतांनी तार वाचली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. गाडी देईन हो, पण विमान कुठून आणू?"

मी एकुलता एक. अग्नी चुलतभावाने दिला. मी तेव्हा तिथल्या आपल्या दुकानदारांच्या बायकामुलांचे पासपोर्ट तपासत होतो.

दहाव्याच्या आधीच बंदर उघडलं आणि बोटीने बाबांनी कधीचा धाडलेला डबा आला. तुपाचा जुना डबा, झाकण पालघरला नेऊन डाख देऊन बंद करून घेतलेलं. उघडला तर आत सुके बोंबील. सुतकात मासळी खायची नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्याच संध्याकाळी भाजायला घेतले आणि रोज खात राहिलो, डबा रिकामा होईपर्यंत.

रजा मिळाली ती पुढच्या वर्षी. बोईसर स्टेशनापासून तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावरचे ट्रक धूळ उडवत चालले होते. आई ओट्यावर बसली होती. मी टेकलो आणि सांगूनच टाकलं, "आये, सुतकात बोंबील खाल्ले मी."

ओरडेल असं वाटलं. तिने विचारलं, "कडक होते ना?"

"होते."

"बाबा तुझा खोकत खोकत वलांडीवर सुकाया टाकीत होता. आमी बोललो, पोराला कलवा, आजारी हाय म्हणून. तर बोलला, नको, नोकरी सोडून येल. मंग आभाळ आलं, घाईघाईत काढले. मरेपर्यंत येकच धोशा, दमट तर नाय ना राहिले?"

तळाचे बुरसले होते. तेही मी खाल्ले होते.

"एकदम कडक होते," मी पुन्हा म्हणालो.