ओटीचा दिवस

वार म्हणजे पोटातल्या लेकराला खाऊ घालणारी. माझी वार नेमकी गर्भाशयातल्या गाठीवर बसली होती. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत बघून बजावलं, "गाठ साधी आहे, कॅन्सरबिन्सर नाही. पण गाठीवरची वार सुटायची भीती असते. थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच निघून यायचं." मी मान डोलावली. न समजण्यासारखं काय होतं त्यात!

गाठीमुळं पोट लय मोठं दिसायचं. "जुळं हाय गं बाई!" म्हणून गल्लीतल्या बाया चिडवायच्या अन् सासूबाई खूश व्हायच्या. सातव्यात त्यांनी ओटी भरायचं काढलं. मानवतहून हिरवी साडी आणली, सगळ्या भावकीला सांगितलं.

त्या सकाळी न्हाणीत परकराला लाल डाग दिसला. बोलले असते तर विटाळ म्हणून ओटी तिथंच मोडली असती. पुरण शिजत होतं, माहेराहून आई निघाली होती. दुपारपर्यंत काय होतंय, असं म्हणून मी परकर बदलला अन् पाटावर जाऊन बसले. बाया गाणी म्हणायलत्या. सासूबाईंनी ओटीत नारळ घातला अन् पोट दगडासारखं आवळून आलं. बघता बघता पाट भिजला.

जीपनं परभणीला नेलं. "रक्त कधीपासून जातंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "आत्ताच," मी म्हणाले. लगेच सिझर केलं. वार अर्धी सुटली होती. पोरगी काचेच्या पेटीत, नाकात नळी.

पेटीपुढं सासूबाई कपाळ बडवून घ्यायलत्या. "माझ्याच हातानं झालं गं! मीच बसवलं तुला पाटावर." मी त्यांचा हात धरला, पण खरं काही बोलले नाही. मेली जीभ कुठं गेली होती तेव्हा माझी!

पोरगी वाचली. आता शेळ्यांमागं पळते, आजीला सोडत नाही. त्या दोघींना हसताना बघितलं की मला तिथं उभं राहवत नाही.

धाकट्या जावेला सातवा लागलाय. परवा सासूबाईंनी ओटीचं ताट माझ्यापुढं केलं. "माझा हात लाभत न्हाई. तू भर बाई. मरणाच्या दारातून लेकरू आणलंस, तुझाच हात चांगला हाय."

मी "बरं, आत्या" म्हणाले अन् ताट घेतलं.