अक्काच्या रक्तवाढीच्या गोळ्या

हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. माझी थोरली बहीण गयाअक्का दीड महिन्यापूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेली. तिच्या दुखण्यात चूक माझी झाली होती, आणि ती तिनं स्वतःच्या अंगावर घेतली.

मी चाकूरजवळच्या आरोग्य केंद्रात कंपाउंडर. लातूर जिल्हा नवा झाला होता, औषधांच्या खोक्यांवर मात्र अजून जुन्याच जिल्ह्याचा शिक्का. त्यात दुष्काळ. साठीची अक्का रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. एक दिवस केंद्राच्या पायरीवर बसली ती उठेचना. "लई दम लागायलाय रे," म्हणाली. पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. गरोदर बायांसाठी आलेल्या लोहाच्या गोळ्या मी तिच्या हातावर ठेवल्या. ती हसली, "ह्या वयात पाळणा बांधतूस व्हय माझा?"

महिन्याभरानं तिनं हळूच विचारलं, शौचाला काळं होतंय, चालतंय का. रजिस्टरातून मान वर न काढता मी म्हणालो, "गोळ्यांनी होतंच." ते खरंही आहे... म्हणूनच आतून जाणारं रक्त त्या काळ्यात लपून राहिलं. ती वाळत गेली, मी गोळ्या दुप्पट केल्या. डॉक्टर भिंतीपलीकडच्या खोलीत बसायचे, त्यांना दाखवलं नाही. मला वाटायचं, एवढं तर आपल्यालाही कळतं.

पोटात गाठ हाताला लागली तेव्हा नांदेडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी हा रोग झाला, असं मी म्हणत नाही. पण ह्या वयात रक्त कमी झालं, तर ते जातंय कुठं हे आधी शोधायचं असतं. कोणी दिल्या गोळ्या?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अक्का म्हणाली, "कोन देतंय? म्याच आनल्या बाजारातून. ह्यो भाऊ नको म्हनत व्हता, म्या ऐकलं न्हाई." डॉक्टर तिलाच रागावले. तिनं खालमानेनं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "तुझी नोकरी हाय. गप ऱ्हा."

मी तिची पिशवी उचलली आणि एसटी स्टँडची वाट धरली...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, अक्काच्या नावानं बुद्धवंदना झाल्यावर, तिची मुलगी शांता चार माणसांत म्हणाली, "मामानं लई केलं. आईच ऐकायची न्हाई." तेव्हाही मी हात जोडून बसून होतो.

आता कोणी म्हातारं माणूस दम लागतो म्हणत आलं, की मी गोळ्यांना हात लावत नाही, त्याला डॉक्टरांपुढं नेऊन बसवतो. पण शांताच्या लेखी अक्का हट्टीपणानं गेली. हे मी मासिकाला लिहून पाठवतोय; ते छापून यायच्या आधी तिच्या घरी जाऊन खरं काय ते तिच्या तोंडावर सांगायचं, एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.