पंखाखालची सही

माझ्या वहिनी एका लाँड्रीत इस्त्री करतात. बत्तीस वर्षं झाली. दिवसाला सत्तर-ऐंशी शर्ट त्यांच्या हाताखालून जातात आणि एकाचीही कॉलर वाकडी निघत नाही. मी त्यांचा धाकटा दीर. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. म्हणजे लोकांना नीट दिसावं यावर माझं पोट चालतं. हे आधीच सांगून टाकतो, पुढे कुणीतरी काढणारच आहे.

मला एकच नाद, रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरचा. या विमानाला इंजिन नसतं. शहराबाहेर आमची एक टेकडी आहे. समोरून येणारा वारा तिच्या उताराला धडकतो, पुढे जायला वाट नसते म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर विमान सोडायचं आणि हातातल्या रिमोटने डावीउजवीकडे वळवत तरंगतं ठेवायचं. वारा आहे तोवर ते खाली येत नाही आणि आम्ही घरी जात नाही. बायकोने लग्नानंतर वर्षभर समजूत घातली, मग नाद सोडला. माझा नाही, समजूत घालण्याचा.

विमान मी चांगलं बांधतो. फासळ्या कापणं, कार्बनची नळी बसवणं, सगळं काटेकोर. घोडं अडतं ते शेवटी. पंखाच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवायचा असतो. त्याच्या मागे गोंद असतो आणि तो इस्त्रीने बसतो. इस्त्री कमी तापली तर सुरकुत्या, जास्त तापली तर कागद आकसून पंखच पिळून टाकतो. माझी विमानं नेहमी झोपेतून उठल्यासारखी दिसायची.

एकदा रविवारी मी दादाकडे पंख घेऊन गेलो होतो. वहिनींनी तो हातात घेतला, खालून वरून पाहिला आणि विचारलं, "भावजी, हे तुम्ही इस्त्रीने केलं की रागाने?"

मग त्यांनी कागद सोलून काढला, इस्त्रीला जुना सुती मोजा चढवला, ती गालाजवळ धरून उष्णता जोखली आणि मधून कडेकडे हात फिरवत गेल्या. अर्ध्या तासात पंख असा ताणला गेला की टिचकी मारली तर वाजत होता. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. दादा छापखान्यात काम करतो आणि घरी शक्यतो बोलत नाही. तो पेपरमधून म्हणाला, "झालं. आता माझे शर्ट विसरा."

त्याचं भाकीत खरं ठरलं. वहिनी टेकडीवर आल्या त्या माझे पंख कसे उडतात ते बघायला, आणि संध्याकाळी माझ्याच जुन्या फोमच्या विमानाचा रिमोट हातात धरून उभ्या होत्या. त्या विमानाला आम्ही खटारा म्हणतो. त्याच्यात फोम कमी आणि चिकटपट्टी जास्त आहे, त्यामुळे ते पडलं तरी कुणाला वाईट वाटत नाही.

नवशिक्याची खरी दांडी उडते ती विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की. तेव्हा त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो, माणूस गोंधळतो आणि विमान झुडपात घालतो. मी स्वतः पहिल्या वर्षी अकरा वेळा घातलं. वहिनींनी एकदाही नाही. मला ते जरा लागलंच. मी विचारलं, "तुमचं डावंउजवं चुकत कसं नाही?"

"गडद कपड्याला उलट्या बाजूने इस्त्री करतात, भावजी. नाहीतर चकाकी येते. उलटा केला की डावी बाही उजवीकडे जाते. बत्तीस वर्षं माझं अर्धं काम उलट्या बाजूनेच आहे."

नंतर त्यांनी स्वतःचं विमान बांधायला घेतलं. आठ महिने लागले. लाँड्रीतून आल्यावर जेवणाच्या टेबलावर रोज तासभर. फासळ्या मी कापून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. तोल साधायला नाकात वजन घालायची वेळ आली तेव्हा माझ्याकडचं शिसं न घेता त्यांनी एक डबी काढली. पडद्यांच्या खालच्या पट्टीत शिवलेल्या शिशाच्या चकत्या धुताना निखळतात, त्या कुणी परत मागत नाही. अशा सात चकत्या बसवल्या आणि विमान दोन बोटांवर अचूक तोललं. पांढऱ्या पंखांच्या टोकांना तांबडा रंग, आणि सुरकुती औषधालाही नाही.

मी म्हटलं, "वहिनी, काय जपता एवढं? मोडलं तर दुसरं बांधू."

त्या थांबल्या. "मी बांधणार नाही," म्हणाल्या. "भावजी, मी सकाळी ज्या शर्टाची घडी घालते तो आठवड्याने चुरगळून परत येतो. बत्तीस वर्षांत माझ्या हातचं काही टिकलेलं मी पाहिलं नाही. हे पहिलं. हे गेलं तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. ते काम मी रोज करते."

शहाण्या माणसाने तिथेच ठरवलं असतं की या विमानाला आपण हात लावायचा नाही.

पण टेकडीवर एक रिवाज आहे. नवं विमान पहिल्यांदा हवेत जातं तेव्हा बांधणाऱ्याने ते फेकायचं आणि रिमोट जुन्याजाणत्याच्या हातात असायचा, कारण नवं विमान कसं वागेल याचा नेम नसतो. उतरल्यावर रिमोटवाल्याने उजव्या पंखाखाली तारीख घालून सही करायची. हा रिवाज कप्तानने पाडला. कप्तान म्हणजे निवृत्त बसचालक. पूर्वी प्रवाशांना ओरडायचा, आता आम्हाला ओरडतो. टेकडीवरच्या निम्म्या विमानांखाली माझी सही आहे, आणि ही संधी सोडायला मी काही साधुसंत नाही. वहिनींनी "मीच उडवू का?" असं एकदा विचारलंही होतं. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी नको. तीस वर्षं उडवतोय मी." यावर कडी म्हणजे, टेकडीवर पेन सापडत नाही म्हणून आदल्या दिवशीच मी सही ठोकून ठेवली. वहिनींनी ती पाहिली आणि "शाई वाळली का?" एवढंच विचारलं.

त्या दिवशी वारा अगदी नाकासमोर होता. दादा घडीची खुर्ची घेऊन आला होता. मी रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला आणि कळा हलवून दाखवल्या. पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या वरखाली हलल्या.

"बरोबर हलतायत ना?" वहिनींनी विचारलं.

"हलतायत की," मी म्हणालो.

हलत होत्या. कुठल्या बाजूला हलत होत्या ते मी पाहिलं नाही.

वहिनींनी विमान डोक्यावर धरलं, दोन पावलं टाकली आणि फेकलं. काय सुरेख गेलं म्हणता! वाऱ्यावर बसलं, किंचित वर झालं आणि जरासं डावीकडे कललं. मी कळ उजवीकडे दिली. ते आणखी डावीकडे गेलं. मी आणखी उजवी दिली. विमान वळून थेट उताराकडे निघालं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांचा अनुभव अशा वेळी कुठे जातो देव जाणे. मी रिमोट घट्ट धरून नुसता "अरे, अरे" करत उभा होतो.

"द्या इकडे!" म्हणत वहिनींनी रिमोट ओढला. रिमोटबरोबर पट्टा गेला आणि पट्ट्याबरोबर माझी मान. मी त्यांच्या खांद्याशी वाकून अडकलो. समोर विमान खडकापासून दोन हातांवर होतं. वहिनींनी कळ डावीकडे सारली. विमान उजवीकडे वळलं, गवत घासून बाहेर पडलं आणि पुन्हा वाऱ्यावर चढलं.

"वरखाली ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डावंउजवं उलटं आहे."

"उतरवा! लगेच उतरवा!" कप्तान ओरडला.

"थांबा हो जरा. हाताला बसू दे."

मी मान सोडवायला गेलो, तर "हलू नका, भावजी, रिमोट हलतो." म्हणून मी तसाच उभा राहिलो, लग्नात हार घालून घेणाऱ्या नवऱ्यासारखा वाकून. माझं नाक रिमोटच्या छोट्या पडद्यापाशी होतं. आणि तिथे मला तीन आकडा दिसला.

माझ्या रिमोटमध्ये दहा विमानांची सेटिंग नंबरवार साठवलेली असतात. तीन नंबर माझं विमान. वहिनींचं सात. दोन्हींच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी उलटसुलट बाजूंनी बसल्या आहेत, म्हणून नंबर बदलावा लागतो. सकाळी मी माझं विमान उडवलं होतं आणि नंबर बदलला नव्हता. पट्ट्या कुठल्या बाजूला हलतायत एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. मी. चष्मेवाला.

हवेत नंबर बदलता येत नाही. वहिनींनी त्या उलट्या रिमोटवर विमान पंचवीस मिनिटं उडवलं. आधी सावकाश, मोठाल्या वळणांनी. मग जवळून, कडेकडेने. एकदा आमच्या तोंडासमोरून असं नेलं की पंखाखालची माझी सही वाचता आली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा खुर्चीतून म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदा मान खाली घालून उभा आहे. अजून दहा मिनिटं चालू दे."

उतरवायला विमान डोक्यावरून मागच्या सपाटीवर न्यावं लागतं, मग वळवून वाऱ्याला तोंड करून बसवायचं. आम्हा दोघांना एकदम गर्रकन फिरावं लागलं. "डावा पाय, भावजी," वहिनी म्हणाल्या, आणि मी मुकाट्याने डावा पाय टाकला. विमान लांबून सरळ आमच्याकडे येऊ लागलं. आता तर उलट्याचं उलट झालं होतं. मी डोळे मिटले. गवत सळसळल्याचा आवाज आला, एवढंच.

विमान आमच्यापासून दहा पावलांवर धड बसलं होतं. वहिनींनी माझ्या गळ्यातला पट्टा काढला. कप्तान धापा टाकत आला. "काय झालं होतं?"

"वारा फिरला मध्येच," मी म्हणालो. असं कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही.

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. तीन आकडा पाहिला. विमानाची बॅटरी काढून नंबर सातवर आणून ठेवला. मला कानफटात बसली असती तर इतकं लागलं नसतं.

"वारा नाही," मी म्हणालो. "नंबर बदलायचा राहिला. चूक माझी. विमान यांनी वाचवलं."

कप्तान मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी रुमालाला स्पिरिट लावलं, विमान उलटं केलं आणि सही पुसायला घेतली. वहिनींनी माझा हात धरला.

"खोडू नका. पहिल्यांदा उडवलं तुम्हीच, ते खरंच आहे."

"मग?"

त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. लाँड्रीत कपड्यांवर खुणा करतात ते, धुतलं तरी न जाणारं. म्हणजे टेकडीवर पेन होतं.

"त्याच्या खाली लिहा," वहिनी म्हणाल्या, "उतरवलं कोणी."