पाचवा ठिपका

नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला जयपूरला आणून टाकलं, त्याला आता तीन वर्षं झाली. मी कोल्हापूरची, जिभेनं तिखट, पण लवंगी फटाका वाजला तरी कान झाकणारी. घरात यावरून कायम माझी टर उडायची. म्हणून प्रताप नगरातल्या शेजारणीनं रायफल शिकवायच्या पंधरा दिवसांच्या वर्गाबद्दल सांगितलं, तेव्हा मी इरेला पेटून नाव घातलं. नवरा म्हणाला, जा खुशाल, फक्त बंदुकीचं तोंड पलीकडे धर.

शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले उस्ताद होते. पहिले चार दिवस गोळीच नाही. पालथं पडायचं, रायफलचा दस्ता खांद्याच्या खळग्यात घ्यायचा, अर्धा श्वास सोडून थांबायचं, आणि घोडा ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी हे करताना गुडघे बोंबलायचे. पण सगळ्यात कडक नियम वहीचा. गोळी सुटली की निशाण्याचा कागद बघायच्या आधी वहीतल्या वर्तुळात ठिपका द्यायचा. घोडा दबला त्या क्षणी नेम जिथे होता तिथे. हलला असेल तर हललेला ठिपका. आपली चूक ज्याला दिसते त्यालाच ती सुधारता येते, असं उस्ताद सांगायचे.

माझ्या डाव्या हाताला जयपूरबाहेरच्या चौमूंची एक कॉलेजातली मुलगी असायची. दोन बस बदलून यायची. शेवटच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला क्लबची रायफल वर्षभर सरावाला फुकट मिळणार होती, आणि पुढे खेळायचं तर तिच्यापाशी दुसरा मार्गच नव्हता. हे तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. माझी कोपरं सोलली तेव्हा खाली घालायला घरून पोतंही तिनंच आणलं.

परीक्षेला प्रत्येकी पाच गोळ्या. माझ्या चार बऱ्या गेल्या. पाचवीला मी डोळे गच्च मिटले आणि घोडा हिसडला. डोळे उघडले तर निशाण्याच्या वर मातीच्या ढिगातून धूळ उडत होती. वहीत ठिपका द्यायला हात होईना. म्हटलं, थांबू जरा.

कागद आणायला गेलो तर माझ्या कागदावर पाच भोकं. चार एका बाजूला, पाचवं बरोब्बर मधोमध. पोरीच्या कागदावर चारच. तिनं घाईत शेवटची गोळी शेजारच्या, म्हणजे माझ्या, कागदावर मारली होती. मला ते तिथेच कळलं. खरं सांगितलं असतं तर दोघींच्या चार-चारच गोळ्या धरल्या असत्या, आणि तिच्या चार माझ्याहून सरस होत्या. मी काय करावं? पाठ वळवली आणि पाचव्या वर्तुळात पेन्सिलीनं मधोमध ठिपका दिला. लिहितानाही लाज वाटते.

उस्तादांनी वह्या तपासल्या. माझी कागदाशी तंतोतंत जुळली, शाबासकी मिळाली. तिचाही पाचवा ठिपका मधोमध होता, पण कागदावर तिथे काहीच नव्हतं. सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, "जो दिखा नहीं, वो लिखते नहीं, बेटी." ती हळूच म्हणाली की मला दिसलं होतं. मी माझी वही पिशवीत घातली. घरी नवऱ्यानं फोनवरून निम्म्या बँकेला कळवलं आणि पेढे आणले.

आठवड्यानं मी रायफल घ्यायला गेले, तेव्हा ती प्रमाणपत्रासाठी आली होती. डोळ्यांवर नवाकोरा चष्मा. मी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, नेम मध्ये दिसला आणि कागद कोरा निघाला, म्हणजे डोळ्यांतच दोष असणार. डॉक्टर म्हणाले होते, नंबर नसल्यातच जमा आहे, तरी तिनं हट्टानं चष्मा करून घेतला. "अब अपनी आँखों पर भरोसा नहीं रहा, आंटीजी."

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. तिला सगळं सांगितलं, तिच्यादेखत उस्तादांनाही सांगितलं. त्यांनी माझी वही उघडून तो ठिपका पाहिला, वही मिटून परत दिली आणि रायफल तिच्या हातात ठेवली. त्यापेक्षा मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिनं चष्मा काढला. रागावली असेल म्हणून मी तिच्याकडे बघत नव्हते, पण ती रागावलेली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

"आपको तो रायफल चाहिए भी नहीं थी ना?" तिनं विचारलं.

नव्हती. मला फक्त घरी मिरवायचं होतं.