पत्र्यापलीकडचा तास

नवी पेठेमागच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये फक्त एक पत्रा होता. पलीकडे मंगळवेढ्याकडचे एक मास्तर आईसोबत राहायचे. दुष्काळाच्या त्या वर्षी ते इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स करत होते. तिथला नियम असा, की मराठीत अर्थ सांगायचा नाही. कृती करायची आणि इंग्रजीत बोलायचं. मास्तरांनी तो नियम घरीही आणला. "आय ॲम ओपनिंग द डोअर," म्हणत ते दार उघडायचे. "आय ॲम ड्रिंकिंग टी," म्हणत राहायचे आणि चहा निवून जायचा. वर्ग म्हणजे रेशनची तांबडी ज्वारी निवडत बसलेली आई.

"व्हॉट आर यू डूइंग?"

"ज्वारी निवडतीया. दिसंना व्हय?"

"आये, इंग्लिशमदी सांग की. मराठी चालत न्हाय तितं."

"मग तितल्यांनाच इचार."

मला हसू यायचं. पण तास झाला नाही तर चुकल्यासारखंही वाटायचं.

परीक्षेच्या पाठाला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि दुपारीच परतले. दार वाजलं, पण वाक्य आलं नाही. मी हातातलं शिवण थांबवलं.

"नापास केलं," एवढंच ते म्हणाले. मग पलीकडे स्टोव्ह पेटला, कपबशी वाजली.

त्यामागून त्यांच्या आईचा आवाज आला. "व्हाट... आर यू... डुइंग?"

"आय ॲम सिटिंग," मास्तर म्हणाले. आवाज ओला होता. मग खुर्ची सरकली. "आय ॲम स्टँडिंग अप."

"हां. आता चा पी," आई म्हणाली. "बोलू नगंस, निवतोय."